हुद्दा पलटणीचा, चावी तुरुंगाची

शेषाद्री मार्गावरील फ्रीडम पार्कमध्ये आपल्या मंडळाचे अनेक सभासद सकाळी फिरावयास जातात. तेथील हिरवळीच्या मध्यभागी उभा असलेला पहाऱ्याचा मनोरा आणि कडेच्या जुन्या बराकी पाहून ही जागा पूर्वी बेंगळुरूचा मध्यवर्ती तुरुंग होती, हे नवख्यासही सहज उमगते. तुरुंग परप्पन अग्रहार येथे हलला आणि २००८ साली या जागेचे उद्यान झाले. परंतु मराठी माणसाने तेथे घटकाभर थांबावे, असे एक निराळेच कारण आहे. संसदीय समितीच्या बैठकीसाठी या शहरात आलेले प्रा. मधु दंडवते २६ जून १९७५ रोजी श्री. अटलबिहारी वाजपेयी, श्री. लालकृष्ण अडवाणी व श्री. श्यामनंदन मिश्र यांच्यासमवेत पकडले गेले आणि आणीबाणीतील दीर्घ काळ याच भिंतींआड राहिले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई त्याच काळात पुण्याच्या येरवड्यात बंदिस्त होत्या. पती बेंगळुरूच्या तुरुंगात, पत्नी येरवड्याच्या तुरुंगात, आणि मध्ये केवळ पत्रांचा सेतू!

त्या पत्रांचा विचार करीत असता आमच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. एका तुरुंगातून निघून दुसऱ्या तुरुंगात जाणारे पत्र दोन्ही ठिकाणी कोणीतरी उघडीत असणार, वाचीत असणार आणि पुढे धाडीत असणार. तो कोण? बंदिवानांची चरित्रे लिहिली जातात, आणि ती लिहिली जावीत हे योग्यच होय. कुलुपाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे मात्र इतिहासात बहुधा नावही राहत नाही. राहिलेच तर ते बंदिवानाच्या रोजनिशीच्या एखाद्या कोपऱ्यात राहते. आम्ही स्वतः सरकारी नोकर आहोत. हुकूम घेणे, हुकूम बजावणे आणि त्याखाली सही करणे यांत आमचे आयुष्य गेले. त्यामुळे कुलुपाच्या अलीकडील या माणसाविषयी आम्हांस कुतूहल वाटले, तर वाचकांस त्याचे नवल वाटू नये. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादकांनी इतिहासविषयक लेखाची मागणी केली, तेव्हा येरवड्याच्या इतिहासातील अशाच एका अधिकाऱ्याची हकीकत मांडावी असे आम्ही ठरविले. त्यांचे नाव लेफ्टनंट कर्नल एम. जी. भंडारी.

हे गृहस्थ लष्करी हुद्द्याचे डॉक्टर होते. मग ते तुरुंगाचे अधिकारी कसे झाले? याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानातील तुरुंग म्हणजे रोगांची आगरे होती. ताप, अतिसार आणि पटकी यांनी कैदी इतके मरत, की अल्प मुदतीची सजाही पुष्कळांच्या बाबतीत देहदंडच ठरे. त्यामुळे तुरुंगाचा कारभार मॅजिस्ट्रेटकडून काढून डॉक्टराच्या हाती द्यावा, हा विचार बळावत गेला. १८९४ च्या तुरुंग कायद्याने प्रत्येक तुरुंगास एक अधीक्षक, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक जेलर असावा असे सांगितले व वैद्यकीय अधिकारी हाच अधीक्षकही असू शकेल अशी सोय करून ठेवली. या एका सवलतीमुळे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टरांना तुरुंगाची दारे उघडली.

ही सेवा, म्हणजे त्या काळची सुप्रसिद्ध आय. एम. एस., ही मुळात लष्करी सेवा होती. तीन इलाख्यांच्या निरनिराळ्या वैद्यकीय सेवा १८९६ मध्ये एकत्र होऊन तिला अखिल हिंदुस्थानचे रूप आले. तिच्या स्पर्धापरीक्षेचे दार १८५५ पासून हिंदी विद्यार्थ्यांना खुले होते. उत्तीर्ण झालेला तरुण डॉक्टर प्रथम पलटणीत रुजू होई. संचलन, तंबू, फौजी रुग्णालय आणि सरहद्दीवरील मोहीम यांच्या वातावरणात त्याची पहिली वर्षे जात. त्यानंतर ज्यांना मुलकी कामाची इच्छा असे, ते जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक किंवा तुरुंगाचे अधीक्षक होत. मात्र अंगावरचा हुद्दा लष्करीच राही. कॅप्टनचा मेजर व मेजरचा लेफ्टनंट कर्नल व्हावयाचा तो तुरुंगाच्या कचेरीत बसूनच! आणि युद्ध पेटले, तर पुन्हा पलटणीत हजर होण्याची अट होतीच.

अशा रीतीने एकाच माणसाच्या अंगी तीन धर्म येऊन बसले. सैनिकाचा धर्म आज्ञापालनाचा, वैद्याचा धर्म रोग्याचे प्राण वाचविण्याचा आणि तुरुंगाधिकाऱ्याचा धर्म कुलूप शाबूत ठेवण्याचा. सामान्य कैद्याच्या बाबतीत हे तीन धर्म बहुधा गुण्यागोविंदाने नांदत. परंतु कैदी जेव्हा महात्मा गांधींसारखा असे, तेव्हा त्यांचा परस्परांशी झगडा उघड्यावर येई.

येरवड्याच्या तुरुंगात हा झगडा पहिल्यांदा दिसला तो १९२४ च्या जानेवारीत. १९२२ साली सहा वर्षांची सजा झालेले गांधीजी तेथे होते आणि कर्नल मरे हे अधीक्षक होते. गांधीजींच्या पोटातील दुखणे ॲपेंडिसायटिस असल्याचे निदान होताच त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले, आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. कैद्याची प्रकृती म्हणजे सरकारच्या अब्रूचा प्रश्न, ही गोष्ट त्या रात्री सर्वांच्या ध्यानी आली. पुढे १९३० नंतरच्या बंदिवासात मेजर मार्टिन अधीक्षक होते. त्यांनी या बड्या कैद्यासाठी टेबल, खुर्च्या, भांडीकुंडी असे पुष्कळ सामान आणविले, तेव्हा हा खर्च माझ्या गरीब देशबांधवांच्या पैशांतून होतो असे सांगून गांधीजींनी ते परत पाठवावयास लावले. सवलत द्यावी तर कैदीच ती नाकारतो, असा प्रसंग तुरुंगाच्या नियमावलीत कोठेच लिहिलेला नव्हता.

मार्टिन यांच्यामागून आलेले अधीक्षक म्हणजेच आपले मेजर भंडारी. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनात पकडलेले गांधीजी येरवड्यात होते. सरदार वल्लभभाई पटेल त्यांच्यासोबत होते, आणि मार्च महिन्यात महादेवभाई देसाईही येऊन मिळाले. महादेवभाईंच्या रोजनिशीत आणि गांधीजींच्या त्या काळच्या पत्रव्यवहारात भंडारी वारंवार भेटतात. पत्रे कोणास लिहावयाची, कोणती भेट मंजूर, कोणते पुस्तक अडकले, दुसऱ्या बराकीतील अमुक सत्याग्रह्याची प्रकृती कशी आहे, अशा शेकडो बारीकसारीक गोष्टींचा निकाल या एका माणसामार्फत लागे. यांतील बहुतेक निकाल त्यांच्या हाती नसत. ते वर लिहीत आणि वरून येईल ते खाली सांगत. त्यांच्या हाताखालचे जेलर श्री. कटेली हे पारशी गृहस्थ होते. त्यांचेही नाव येरवड्याच्या या इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनल्ड यांचा जातीय निवाडा प्रसिद्ध झाला, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजास दिलेल्या विभक्त मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबरला दुपारी गांधीजींनी आमरण उपोषण आरंभिले. तुरुंगाच्या एका आवारात आंब्याच्या झाडाखाली त्यांची खाट मांडण्यात आली. नंतरच्या सहा दिवसांत त्या झाडाखाली जे घडले, तसे जगातील फारच थोड्या तुरुंगांत घडले असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सर तेजबहादुर सप्रू, बॅ. मुकुंदराव जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद अशी माणसे लोखंडी दारातून आत येत आणि बाहेर जात होती. साबरमतीच्या तुरुंगातून कस्तुरबांना तेथे आणण्यात आले. २४ तारखेस पुणे करारावर सह्या झाल्या. २६ तारखेस तिसऱ्या प्रहरी तुरुंग महानिरीक्षक कर्नल डॉइल यांनी सरकारी संमतीचा लखोटा आणून हाती दिला, आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्या उपस्थितीत कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन उपोषण सुटले. कराराच्या गुणदोषांची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. आम्हांस दिसतो तो त्या आवारातील लष्करी हुद्द्याचा डॉक्टर. कैद्याची क्षीण होत जाणारी शक्ती पाहणे, हे वैद्य म्हणून त्याचे काम होते आणि राष्ट्राचे पुढारी एका झाडाखाली जमलेले असताना तुरुंग तुरुंगच राहील हे पाहणे, हे अधीक्षक म्हणून त्याचे काम होते.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच नियमावलीची कसोटी पाहणारा आणखी एक प्रसंग आला, आणि तो तर निखळ महाराष्ट्रीय होता. कोकणचे गांधी म्हणून पुढे ज्यांची ख्याती झाली, ते अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्चवर्णीय मानल्या गेलेल्या कैद्यास ते काम देता येत नाही, असा तुरुंगाचा नियम! म्हणजे कैद्याला शिक्षा देतानाही सरकार जातीचा सोवळेपणा पाळीत होते. अप्पासाहेबांनी अन्न सोडले, आणि वार्ता कळताच डिसेंबरच्या आरंभी येरवड्यात गांधीजींनीही सहानुभूतीने उपोषण सुरू केले. सरकारकडून विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर ते सुटले. नियम वाचून दाखविणे सोपे असते. परंतु तो नियम अन्याय्य आहे, असे समोरचा माणूस उपाशी राहून सांगू लागला, म्हणजे वाचून दाखविणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

पुढे दहा वर्षे लोटली. मेजर भंडारी लेफ्टनंट कर्नल झाले होते आणि मुंबई इलाख्याचे तुरुंग महानिरीक्षक, म्हणजे एके काळी डॉइल ज्या जागी होते त्या जागेचे धनी, झाले होते. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत देशाचे पुढारी पकडले गेले आणि गांधीजी, महादेवभाई, सरोजिनी नायडू व मीराबेन यांना पुण्यातील आगाखान राजवाड्यात आणण्यात आले. मागोमाग कस्तुरबा व डॉ. सुशीला नय्यर आल्या. १८९२ साली बांधलेल्या या वास्तूस काटेरी तारेचे कुंपण पडले, पहारे बसले आणि राजवाड्याचा तुरुंग झाला. छावणीचे अधीक्षक म्हणून आले तेच जुने कटेली, आणि त्यांच्यावरचे अधिकारी होते भंडारी. माणसे तीच होती, काळ मात्र अधिक कठोर झाला होता.

अवघे सहा दिवस गेले. १५ ऑगस्टच्या सकाळी कर्नल भंडारी भेटीस आले होते. सरोजिनीबाईंच्या खोलीत ते व महादेवभाई बोलत बसले होते, हास्यविनोदही चालला होता. बोलता बोलताच महादेवभाईंना चक्कर आली, ते कोसळले आणि थोड्याच वेळात त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे पन्नास! समोर बसलेला माणूस वैद्य होता, सुशीलाबेन वैद्य होत्या, तरी काही करता आले नाही. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या रोजनिशीत आपले नाव लिहिले गेले, त्याच माणसाचे अखेरचे संभाषण आपल्याशी व्हावे, हा दैवयोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

आणि त्या क्षणापासून त्या वैद्यास पुन्हा अधिकारी व्हावे लागले. मृतदेह कोठे न्यावयाचा? कोणाच्या स्वाधीन करावयाचा? बाहेर देश पेटलेला होता आणि सरकारला अंत्ययात्रेची धास्ती वाटत होती. पिता आपल्या पुत्राचा देह परक्यांच्या हाती देत नसतो, अशी गांधीजींची भूमिका होती. अखेर राजवाड्याच्या आवारातच दहन करण्याचे ठरले. गांधीजींनी स्वतः देहास स्नान घातले आणि स्वतःच अग्नी दिला. सेवाग्रामास निरोप कळविण्यासाठी त्यांनी तारेचा मजकूर लिहून दिला होता. ती तार तातडीने जावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो मजकूर सरकारी दफ्तराच्या वळणावळणांनी जाऊन टपालाने, आणि तोही पुष्कळ दिवसांनी, पोहोचला. गांधीजींनी पुढे सरकारकडे याची स्पष्ट शब्दांत तक्रार केली. तार घेणारा एक, वर पाठविणारा दुसरा, तपासणारा तिसरा, आणि रोखून धरणारा कोणी चौथा. आम्हां सरकारी माणसांना ही साखळी चांगली परिचयाची आहे. तीत प्रत्येक जण आपापल्या परीने निर्दोष असतो, आणि तरीही विधवेला पतीच्या मृत्यूचा निरोप वेळेवर मिळत नाही.

१९४३ च्या १० फेब्रुवारीस गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यावेळी दररोज जे वैद्यकीय पत्रक निघे, त्याखाली सर्जन जनरल कँडी, लेफ्टनंट कर्नल भंडारी, लेफ्टनंट कर्नल शहा, डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर यांची नावे असत. या नावांकडे जरा निरखून पाहावे. यांतील काही सरकारचे अधिकारी, तर डॉ. रॉय हे काँग्रेसचे पुढारी. डॉ. गिल्डर आणि सुशीलाबेन हे स्वतःच कैदी. कैदी आणि तुरुंग महानिरीक्षक यांनी एकाच कागदावर, एकाच रोग्याविषयी, एकमताने सही करावी, हे फक्त वैद्यकशास्त्राच्या छत्राखालीच शक्य होते. नाडी किती आणि मूत्रपिंडांची स्थिती काय, यांत राजनिष्ठा आणि राजद्रोह असा भेद नसतो. मात्र त्याच सुमारास सरकारने दुसरीही तयारी करून ठेवली होती. गांधीजी या उपोषणातून उठणार नाहीत या समजुतीने चंदनाची लाकडे आणून ठेवलेली होती. गांधीजी त्यातून उठले, आणि लाकडे तशीच राहिली.

ती लाकडे कोणासाठी लागली, ते आता सांगावयाचे आहे.

१९४३ च्या डिसेंबरापासून कस्तुरबांचे हृदय थकत चालले. प्रकृतीस आराम पडेना, तेव्हा पुण्याचे निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशा मेहता यांना बोलवावे, अशी इच्छा त्यांनी महानिरीक्षकांजवळ व कर्नल शहांजवळ तोंडी बोलून दाखविली. काही दिवस गेले तरी कोणी आले नाही. अखेर जानेवारीच्या अखेरीस गांधीजींनी सरकारला लेखी स्मरण दिले. एखाद्या वैद्याची इच्छा म्हणजे मुंबई सरकार, मुंबई सरकार म्हणजे दिल्ली, आणि दिल्लीचे उत्तर येईपर्यंत रोग्याचा एकेक दिवस कमी होत होता. फेब्रुवारीत लाहोरचे वैद्यराज शिव शर्मा यांच्या उपचारांस परवानगी मिळाली. पण कशी? वैद्याने दिवसा यावे, रात्री आवारात राहू नये. रोग्याची प्रकृती तर रात्रीच बिघडे. म्हणून वैद्यराज काही रात्री राजवाड्याच्या दाराबाहेर आपल्या मोटारीत झोपले. आत रोगी, बाहेर वैद्य आणि मध्ये पहारा! गांधीजींनी मध्यरात्र उलटल्यावर जागून महानिरीक्षकांस याबद्दल कळकळीचे पत्र लिहिले. त्यानंतर कुठे वैद्यास आत राहता आले. परंतु तोपर्यंत उपचारांची वेळ बहुतेक सरली होती.

येथे वाचकांची परवानगी घेऊन आम्ही स्वतःविषयी दोन वाक्ये लिहितो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कचेरीत आस्थापना विभागाचे काम आमच्याकडे होते. आजारी आईजवळ राहता यावे म्हणून बदली मागणाऱ्या एका तरुण कारकुनाचा अर्ज आमच्यासमोर आला. सोबतच्या दाखल्यावर योग्य त्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी नव्हती. आम्ही नियमानुसार टिपणी लिहिली आणि अर्ज परत केला. टिपणीत एका अक्षराचीही चूक नव्हती. प्रतिस्वाक्षरी होऊन अर्ज पुन्हा येण्यापूर्वीच त्या बाई वारल्या. त्या मुलाने आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिला नाही. आमचा दोष कोणी सिद्धही करू शकणार नाही. तरी वैद्यराजांच्या मोटारीची हकीकत आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तेव्हा तो परत केलेला अर्ज डोळ्यांपुढे येतो.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी सायंकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. त्यानंतर अर्ध्या तासाने, ८ वाजून ७ मिनिटांनी, कर्नल भंडारी यांनी एक मजकूर लिहून घेतला. अंत्यसंस्काराविषयी आपली काय इच्छा आहे, असे त्यांनी सरकारच्या वतीने गांधीजींना विचारले होते, आणि गांधीजींनी सांगितलेले उत्तर ते टिपून घेत होते. पहिला पर्याय, देह पुत्रांच्या व आप्तांच्या स्वाधीन करावा, म्हणजे सरकारी अडथळ्यावाचून सर्वांसमक्ष अंत्यसंस्कार होतील. दुसरा, ते शक्य नसेल तर महादेवांप्रमाणे येथेच संस्कार व्हावेत, पण मग केवळ आप्तांनाच नव्हे तर आप्तांसारख्या स्नेह्यांनाही येऊ द्यावे. आणि तिसरा, तेही मान्य नसेल तर बाहेरून आलेल्या सर्वांना परत पाठवून आम्ही कैदीच काय ते करू. साठाहून अधिक वर्षांच्या संसाराची सोबतीण गेलेली, आणि अर्ध्या तासात त्याविषयीचे तीन पर्याय क्रमवार सांगणारा तो कैदी! समोर कागद घेऊन बसलेला तो लष्करी हुद्द्याचा वैद्य! त्या कागदावरील मजकूर आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय चालले होते, ते मात्र त्यात नाही. दफ्तरी कागदात ते कधीच नसते.

सरकारने दुसरा पर्याय स्वीकारला. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या समाधीशेजारी दहन झाले. चंदनाच्या लाकडांविषयी बोलणे निघाले, तेव्हा गरिबाच्या बायकोला चंदन कसले, असे गांधीजींचे म्हणणे पडले. मागील वर्षी आणून ठेवलेली लाकडे छावणीत आहेत, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. जे त्यांच्या स्वतःच्या चितेसाठी आणले होते, ते पत्नीच्या चितेस लागले.

त्यानंतरचा एकच प्रसंग सांगून ही हकीकत पुरी करू. एप्रिलमध्ये गांधीजींना हिवतापाने गाठले, आणि तिसऱ्या मृत्यूचे उत्तरदायित्व घेण्याची सरकारची तयारी नव्हती. ५ मे च्या सायंकाळी कर्नल भंडारी आले आणि उद्या सकाळी आठ वाजता आपली बिनशर्त सुटका होत आहे, असे त्यांनी गांधीजींना सांगितले. तुम्ही थट्टा तर करीत नाही ना, असे गांधीजींनी विचारले. नाही, खरेच सांगतो, असे उत्तर मिळाल्यावर, मग माझ्या रेल्वेभाड्याचे काय, म्हणून त्यांनी उलट थट्टा केली. दोन समाध्या मागे ठेवून ६ मे १९४४ रोजी सकाळी ते बाहेर पडले. तो त्यांच्या आयुष्यातील अखेरचा कारावास ठरला. बंदिवानाला सर्व वाईट बातम्या ज्याच्या तोंडून ऐकाव्या लागल्या, त्याच्याच तोंडून अखेर ही एक बरी बातमी यावी, हे एका परीने उचितच झाले.

आता या अधिकाऱ्याविषयी निवाडा काय द्यावा? त्यांना देशभक्त ठरविण्याचा आमचा हेतू नाही. ते परकीय सरकारचे सेवक होते. ते सरकार देशाच्या पुढाऱ्यांना खटल्यावाचून कोंडीत होते, आणि त्या कोंडवाड्याचे ते एक प्रमुख होते. वैद्य दाराबाहेर झोपला, तार टपालाने गेली, या गोष्टींत त्यांचा वैयक्तिक वाटा किती आणि वरच्यांचा किती, हे वेगळे काढता येत नसले, तरी त्या साखळीची एक कडी ते होतेच. परंतु दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. बंदिवानांच्या लेखनात या माणसाविषयी द्वेष आढळत नाही. ज्याच्याजवळ बसून हसता येईल, ज्याची थट्टा करता येईल, असा तो त्यांना वाटत होता. ज्याच्या हाती चावी आहे त्याच्याशी कैद्याने शेवटच्या संध्याकाळी विनोद करावा, ही प्रशस्ती कोणत्याही सरकारी गोपनीय अहवालात मिळणारी नव्हे.

आम्हांस या चरित्रभागातून जे उमगले ते असे. हुकमाच्या ताबेदाराला सर्वच गोष्टी वरून ठरवून येतात, हे खरे नाही. पुष्कळशा येतात. तरी थोड्या त्याच्या हाती उरतात. निरोप कोणत्या स्वरात सांगावा, कागद आज पुढे पाठवावा की उद्या, नियमाखाली टिपणी लिहून थांबावे की वरिष्ठास दुसऱ्यांदा विचारावे, एवढ्याच त्या गोष्टी असतात. वैद्यराज मोटारीत झोपले त्या रात्रींत आणि कारकुनाचा अर्ज आम्ही परत केला त्या दुपारी याच गोष्टींची उणीव पडली. नियम कोणी बदलावयास हवा होता असे नाही. कोणीतरी आणखी एकदा विचारावयास हवे होते.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये ती जुनी भारतीय वैद्यकीय सेवा संपुष्टात आली. स्वतंत्र भारतात तुरुंग हा विषय राज्यांकडे राहिला आणि तुरुंगाधिकाऱ्यांची स्वतंत्र सेवा घडत गेली. वैद्य अधीक्षक असण्याची जुनी पद्धत मागे पडली. मात्र १८९४ चा तो कायदा पुढेही दीर्घकाळ चालू राहिला, आणि आणीबाणीत स्वदेशी सरकारनेही दंडवते दांपत्याला दोन तुरुंगांत ठेवले. याच बेंगळुरूच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याने झिजल्या आणि १९७७ च्या जानेवारीत, सुटल्यावर काही दिवसांतच, निवर्तल्या. कैद्याच्या श्वासाची जबाबदारी कोणाची, हा येरवड्याचा प्रश्न आपल्या शहरालाही चुकलेला नाही.

आगाखान राजवाडा १९६९ साली राष्ट्रास अर्पण झाला. पुण्यास जाणारे आपले सभासद तेथील दोन समाध्यांचे दर्शन घेतातच. पुढल्या वेळी त्यांनी परतताना दारापाशीही क्षणभर उभे राहावे. रात्री वैद्याची मोटार तेथे बाहेर उभी होती. आणि आम्ही? आमच्या सेवानिवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली आहेत. टेबलावर अर्ज अजूनही येतात, आणि त्यांतील काहींवर प्रतिस्वाक्षरी नसते. आताशा आम्ही तो अर्ज परत करण्यापूर्वी संबंधित कचेरीस दूरध्वनी करतो. गोष्ट लहान आहे. परंतु पन्नास वर्षे एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या या मंडळाच्या स्मरणिकेत ती नोंदविण्यास संकोच वाटत नाही.